रेडकाचं हमीपत्र

थोरलीने ई-मेलने पाठवलेला शाळेचा कागद मिळाला. मी तो छापून आणला आणि टेबलावर ठेवला, त्याला आता आठवडा झाला. मांस खाण्याने जनावरांचं काय होतं आणि जमिनीचं, पाण्याचं काय होतं, याचा थोरलीच्या वर्गात अभ्यास चालू आहे असं त्यावर लिहिलंय. खाली प्रश्न आहे की तुमच्या घरात किती पिढ्या कोणी मांस खाल्लेलं नाही. शेवटी घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या सहीसाठी रेघ. सोबत थोरलीने लिहिलंय: "आजी, मी वर्गात सांगितलं की माझ्या घरच्या लोकांनी कधीच कुठला प्राणी मारलेला नाही. कुणाला पटत नाही. तू ते वाक्य लिहून खाली सही कर, म्हणजे पटेल."

प्रश्नाचं उत्तर मी लगेच लिहून टाकलं. आपलं घर शैव. माझ्या माहेरी आणि सासरी, आठवण जिथवर जाते तिथवर, कोणी मांस, मासा किंवा अंडं खाल्लेलं नाही. हे खरं आहे. पण थोरलीने सांगितलेलं वाक्य लिहायला बसले आणि हात थांबला. का थांबला ते तुम्हाला दोघांना लिहिते. धाकट्याला हे वाचून दाखवायचं की नाही, ते तुमच्या आईने ठरवावं.

मंगळवार पेठेतलं आपलं घर तुम्ही पाहिलंय. मागे जिथे आता गाडी लावतो, तिथे नव्वदच्या दशकात गोठा होता आणि त्यात चार म्हशी होत्या. तेव्हा पेठेत अशा म्हशी बऱ्याच घरांत असत. आपल्याकडून गल्लीतल्या आठ-दहा घरांना दुधाचा रतीब जाई. सकाळचं पहिलं फुलपात्रभर दूध अव्वांच्या पूजेला. अव्वा म्हणजे तुमच्या आजोबांची आई. त्या कानडी मुलखाच्या सीमेकडच्या, म्हणून तिकडच्या रीतीने आम्ही त्यांना अव्वा म्हणायचो. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय त्यांनी कधी पाण्याचा घोटही घेतला नाही.

घराचे नियम कडक होते आणि ते पाळून घेण्याचं काम माझ्याकडे होतं. मला ते आवडायचंही. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे म्हणा किंवा स्वभावाने म्हणा, प्रत्येक गोष्ट लिहून, चिठ्ठी लावून, जागच्या जागी ठेवल्याशिवाय मला चैन पडत नसे. वरच्या खोलीत भाडेकरू ठेवताना पहिली अट मांसाहाराची. एकदा वरच्या केराच्या बादलीत अंड्याची टरफलं दिसली. त्या बिऱ्हाडातली मुलगी सात महिन्यांची गरोदर होती, डॉक्टरांनी तिला रोज एक अंडं सांगितलं होतं. मी आवाज न चढवता तिला महिनाअखेरीस खोली सोडायला सांगितलं. त्या रात्री मला नेहमीसारखी झोप लागली. हे इथे लिहिते, कारण पुढचं वाचताना मी तेव्हा कशी होते हे तुम्हाला माहीत असावं.

गोठा एका बाईकडे होता. गगनबावड्याच्या वाटेवरच्या, भाताच्या मुलखातल्या एका गावची. माझ्याहून चार वर्षांनी लहान, तरी आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो आणि ती मला वैनी. धारा काढणं, वैरण घालणं, शेण काढणं, म्हशी धुणं, सगळं ती करायची. ती मटण खायची, रोज नव्हे, पण सणाला, जत्रेला, पाहुणा आला तर. सोमवारी सकाळी ती आली की अव्वा पडवीतूनच विचारायच्या, "काल खाल्लंस काय गं?"

"खाल्लं की. पावणं आलतं."

"मग आंघोळ?"

"डोक्यावरनं केलीया अव्वा. इश्वास नसंल तर म्हशीला इचारा, वास येतोय काय म्हणून."

अव्वा हसायच्या नाहीत. मी आत जाऊन हसायची. तरी मावशीचा चहाचा कप गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा होता, आणि तो तिथे ठेवलाही मीच होता.

आता म्हशीचं सांगते. म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. रेडकू ढुसण्या देऊन आचळाला लागलं की ती पान्हा सोडते. मग रेडकाला ओढून बाजूला बांधायचं आणि धार काढायची. रेडी, म्हणजे मादी झाली, तर तिला एक आचळ ठेवत, कारण ती मोठी होऊन दूध देणार. टोणगा, म्हणजे नर, झाला तर त्याला नुसतं तोंड लावू देत, पान्ह्यापुरतं. पहिल्या तीन-चार दिवसांचा चीकही त्याच्या वाट्याला फारसा येत नसे. त्याचा आम्ही खरवस करायचो. वेलदोडा घालून, वड्या पाडून, गल्लीत सगळ्यांकडे द्यायचो. वाट्यांवर कोणाची कुठली म्हणून मी चिकटपट्टीवर नावं लिहायची.

टोणगा तीन आठवडे जगे, कधी महिना. आधी ओरडे, मग ओरडायचा थांबे. भिंत चाटे, दावं चघळे. मग एका सकाळी आडवा पडलेला दिसे. अव्वा "शिव शिव" म्हणत आणि त्या दिवशी उपास करत. कातडीवाला येऊन रेडकू घेऊन जाई आणि आठ दिवसांनी त्याच कातड्यात पेंढा भरून, चार काठ्यांचे पाय लावून आणून देई. ते म्हशीपुढे उभं करायचं. ती ते चाटायची आणि पान्हा सोडायची.

टोणगे विकत घेणारे होते. पण ते खाटकाकडे जाणार हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून आपल्या घरातून एकही विकला गेला नाही. अव्वांचा शब्द होता: "आपल्या दारचं जनावर कसायाच्या दारात जायचं नाही." हा शब्द मी पाहुण्यांना अभिमानाने सांगत असे. मारायचं नाही, विकायचं नाही आणि पाजायचंही नाही. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी केल्या तर त्या जनावराचं काय होतं, ते माझ्या डोळ्यांसमोर वर्षाला एकदा तरी घडत होतं. तरी मी त्या तीन गोष्टी कधी एकत्र ठेवून पाहिल्या नव्हत्या.

एका थंडीत मोठी म्हैस व्याली आणि टोणगा झाला. गाळप सुरू झालं होतं, शेतातून उसाचं वाडं, म्हणजे हिरवे शेंडे, येत होतं, म्हशीला दूध भरपूर. त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. बारा-तेरा दिवसांचा असताना मावशी माझ्याकडे स्वयंपाकघराच्या दारात आली. उंबऱ्याच्या आत ती येत नसे.

"वैनी, ह्यो टोणगा मला देता का?"

"तुला? कशाला?"

"भावाला. आमच्याकडं भाताच्या चिखलणीला रेडंच लागत्यात, बैलाचं काम न्हाय त्ये. भावाचा रेडा म्हातारा झालाय. त्याच्या घरची म्हस आटायला आलीया, पर रेडकापुरतं दूध हाय तिला. चार म्हैनं पाजील त्यो, मग वैरणीवर येतंय."

तेव्हा मला खरंच आनंद झाला. मी लगेच अव्वांना विचारलं. अव्वा बराच वेळ जपमाळ ओढत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांच्यात खातात. आज भाताला नेतील, उद्या जत्रेत कापतील. आपण दिलं म्हणजे पाप आपल्या माथी."

मावशी पडवीच्या पायरीवरच होती. तिने ऐकलं.

"आमी रेडं खात न्हाय अव्वा. बकरं खातो. आन् खातोय म्हणूनच सांगतो, कापायचं झालं तर एका घावात कापत्यात. म्हैनाभर न्हाय लावत."

अव्वा उठून आत जाताना मला म्हणाल्या, "तू शिकलेली, तूच बघ काय ते. पण हमी घे."

हमी म्हणताना अव्वांच्या मनात काय होतं, कोण जाणे. देवासमोर बेल उचलायला लावणं असेल. मला मात्र एकच प्रकारची हमी ठाऊक होती. दुपारी मी टेबलाशी बसले आणि मसुदा केला, आधी इंग्रजीत, कारण असल्या गोष्टी मला इंग्रजीत सुचत, मग त्याचं मराठी केलं. दोन दिवस त्यात गेले. एक शब्द बदलला की पुन्हा पहिल्यापासून स्वच्छ अक्षरात लिहायचं ही माझी सवय. तिसऱ्या दिवशी तुमच्या आजोबांनी त्यात आणखी एक कलम सुचवलं, मग परत एक दिवस. गोठ्यात रेडकू ओरडायचं थांबलं होतं. कामात लक्ष लागतंय याचं मला बरं वाटलं, आणि ते का लागतंय हे मनात आलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी धारांच्या आधी मी कागद आणि शाईची डबी घेऊन गोठ्यात गेले. मावशीला वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवलं. सदर जनावर कोणत्याही कारणास्तव कत्तलीसाठी विकले जाणार नाही. सदर जनावराचा बळी दिला जाणार नाही. सदर जनावर मृत झाल्यास त्याची खबर घरमालकांना देण्यात येईल. सदर जनावरास पोटभर दूध व चारापाणी देण्यात येईल.

इथे मावशी हसली. मोठ्याने, गल्लीत ऐकू जाईल असं.

"पोटभर? वैनी, ह्ये तुमीच लिवलंय?"

"हो."

"मग आदी हितं द्या की पोटभर. मी अंगठा लावतो, तुमी बी लावा. एका कागदावर दोगी."

रेडकू कोपऱ्यात उभं होतं. मागचे पाय एकमेकांत अडकल्यासारखे. त्याच्या बरगड्या मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसल्या असं म्हटलं तर ते खोटं होईल. त्या रोज दिसत होत्या.

मला राग आला. कसला, हे तेव्हा कळलं नाही. मी कागद घडी करून ठेवला आणि म्हणाले, "सोड त्याला. पिऊ दे. चारी आचळं पिऊ दे, किती हवं तितकं."

"एकदम नगं वैनी. त्याचं पोट आक्रसलंय. सोसायचं न्हाय त्याला. थोडं थोडं देऊ, दोन-चार दिसांत..."

"आत्ता म्हणालीस ना पोटभर द्या? सोड म्हणते ना."

"वैनी, ऐका माझं."

"मी मालकीण आहे या गोठ्याची."

हे वाक्य मी आयुष्यात त्याआधी कोणाला म्हटलं नव्हतं. मावशीने माझ्याकडे पाहिलं आणि दावं सोडलं. रेडकू धडपडत आईपाशी गेलं. शेपूट हलवत पीत राहिलं, तोंडातून फेस ओघळत राहिला. त्याचं पोट नगाऱ्यासारखं झालं. मी हाताची घडी घालून उभी होते. मला वाटत होतं, मी काहीतरी सिद्ध करून दाखवतेय. रतिबाच्या लोकांना मी निरोप पाठवला की आज दूध कमी येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला हगवण लागली. पांढरी, पाण्यासारखी. मावशीने साळीच्या लाह्यांचं पाणी पाजून पाहिलं, सुंठ दिली, पोत्याने अंग शेकलं. दुपारी मी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते आले, वाकून पाहिलं.

"रेडी आहे?"

"नाही. टोणगा."

"मग मला कशाला बोलावलंत?" त्यांनी बॅग उघडलीच नाही. त्यांना आश्चर्य वाटलं होतं इतकंच. आमच्यासारख्या घरातून टोणग्यासाठी आजवर त्यांना बोलावणं आलं नसावं.

तिसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर ते गेलं. मावशीच्या मांडीवर त्याची मान होती. ती रडली नाही. उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "भावाला सांगावा धाडलाय मी, घेऊन येतो म्हणून. आता परत धाडतो."

अव्वांनी उपास केला.

आठ दिवसांनी कातडीवाला पेंढा भरलेलं रेडकू घेऊन आला. कपाळावरचा ठिपका त्याने नीट मधोमध आणला होता. तोवर म्हशीने दूध चढवून ठेवायला सुरुवात केली होती, धार निम्म्यावर आली होती. इतकी वर्षं ते म्हशीपुढे उभं करायचं काम मावशीच करायची. त्या दिवशी ती बादली घेऊन बाजूला थांबली.

"ह्ये तुमी उभं करा, वैनी."

मी ते उचललं. फार हलकं होतं. त्याच्या पाठीवर मीठ आणि गुळाचं पाणी चोळायचं असतं, ते मी चोळलं. म्हशीपुढे उभं केलं. तिने वास घेतला, कानामागून चाटायला लागली, मग पाठ, मग पुन्हा कान. मावशीने बादली खाली धरली आणि धार लागली. त्या दुधाचा चहा झाला. मी तो प्यायले. माझ्या घशाखाली तो उतरला नाही असं काही लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण तो उतरला.

मावशी आणखी तीन वर्षं आपल्याकडे होती. या गोष्टीबद्दल ती एक शब्द बोलली नाही, मीही नाही. पुढच्या वर्षी पुन्हा टोणगा झाला. चौथ्या दिवशी सकाळी दाव्याला रेडकू नव्हतं. तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. अव्वांनी रिकामं दावं पाहिलं आणि पूजेला बसल्या. ते रेडकू भाताच्या चिखलात गेलं की खाटकाकडे, मला माहीत नाही. खाटकाकडे गेलं असेल तर मावशीने आपला शब्द मोडला असं मला म्हणता येणार नाही. तिच्याकडून शब्द कोणी घेतलाच नव्हता.

थोरलीच्या कागदावर पाण्याचं आणि जमिनीचंही आहे, म्हणून तेही लिहिते. गोठा धुतलेलं पाणी मागच्या गटारात, गटार नाल्यात आणि नाला पंचगंगेत. खालच्या गावांतले लोक तेच पाणी प्यायचे. गल्लीत नळाला पाणी नसे त्या दिवसांत बायका घागरी घेऊन थांबलेल्या असत आणि आम्ही आपल्या विहिरीच्या पाण्याने म्हशी धुवायचो. कोणी बोललं की मी म्हणायची, मुकी जनावरं आहेत.

मग अव्वा गेल्या, म्हशी विकल्या, गोठा पाडला. दुधाची पिशवी येऊ लागली. दोन हजार सालानंतर तुमच्या आजोबांनी हुपरीच्या रस्त्याकडचा आपला माळ एका माणसाला कोंबड्यांच्या शेडसाठी भाड्याने दिला. मी एकदाच आत गेले. इतक्या जड झालेल्या कोंबड्या की त्यांना स्वतःच्या पायांवर उभं राहता येत नव्हतं. वासाने डोळे चुरचुरत होते. मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरून ओढ्यात टाकत. खालच्या शेतकऱ्याने तक्रार केली तेव्हा आजोबा म्हणाले, "आपण फक्त जागा दिलीय. आपण खातो का?" मी गप्प बसले. त्या घरात तसं बोलायला आजोबांना मीच शिकवलं होतं. करार संपेपर्यंत शेड तिथेच होती.

थोरली, तू मांस सोडलंस ते योग्य केलंस असं मला वाटतं. ती शेड मी पाहिली आहे. मटण खाल्ल्याने मावशी माझ्यापेक्षा चांगली ठरली असंही मी म्हणत नाही; बकऱ्याला त्याचं काय? पण तू वर्गात जे सांगितलंस, त्याला आधार म्हणून मला उभं करू नकोस. आपल्या घरात सुरी नव्हती, एवढंच मी सांगू शकते.

माझ्या कागदपत्रांच्या कपाटात, 'घर' अशी चिठ्ठी लावलेल्या फायलीत, ते हमीपत्र अजून आहे. अक्षर चांगलं आहे. खाली डाव्या बाजूला अंगठ्याची जागा, कोरी. त्याची एक प्रत या पत्रासोबत पाठवते आहे. चौथं कलम वाच.

शाळेच्या कागदावर पिढ्यांचं उत्तर लिहिलंय. सहीची रेघ तशीच ठेवली आहे. हे सगळं वाचून झाल्यावर, तुला अजूनही माझी सही हवी असेल तर तसं कळव. मी करीन.